पुढच्या चाकातली खडखड

बाईंनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, खिडकीची काच पुरती खाली घेतली आणि गॅरेजवाल्याला पहिल्याच दमात खोटं सांगितलं.

"पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड येते. मला वाटतं, बॅटरी उतरली असावी."

गॅरेजवाल्याने चाकाकडे पाहिलं नाही, बॅटरीकडेही पाहिलं नाही. त्याने बाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"अगदी बरोबर ओळखलंत, आजी. बॅटरीच. बसा तुम्ही सावलीत, आत्ता नवी टाकून देतो. आवाज गायब!"

"राहू दे," बाई म्हणाल्या. "एवढं बरोबर ओळखलंय, तर पुढचंही मीच बघते."

गाडी मागे घेताना चाक पुन्हा खडखडलं. गॅरेजवाला कमरेवर हात ठेवून बघत राहिला. आपलं काय चुकलं, ते त्याला कळलेलं नव्हतं. बाईंना त्याचं थोडं वाईट वाटलं. वर्गात त्यांनी अशा मुलाला एवढ्या लवकर सोडून दिलं नसतं.

निवृत्त होईपर्यंत बाई तिसरीला शिकवत होत्या. रोज सकाळी फळ्यावर त्या एक चूक मुद्दाम लिहीत. कधी बेरजेत, कधी वाराच्या नावात, कधी नकाशावरच्या नदीत. ती सापडेपर्यंत तास पुढे सरकत नसे. वर्षाच्या सुरुवातीला मुलं गप्प बसत, कारण बाईंचं चुकतं असं घरी कोणी सांगितलेलं नसे. मग कोणीतरी एक जण अर्धवट हात वर करी, पुन्हा खाली घेई, पुन्हा वर करी. "बाई, ते... तिथे सात पाहिजेत ना?" त्या क्षणी बाईंना जे वाटे, ते त्यांना बक्षीस समारंभातही कधी वाटलं नव्हतं. माझ्या वर्गातलं मूल मोठ्या माणसाला चूक दाखवतं, असं त्या चारचौघांत मान ताठ करून सांगत.

तेच औषध आता त्या गॅरेजवाल्यांना देत होत्या.

गाडीची वॉरंटी मागच्या महिन्यात संपली होती. ती होती तोवर कसलाच विचार करावा लागत नसे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चावी द्यायची, गार खोलीत बसायचं, संध्याकाळी धुतलेली गाडी घ्यायची. आत काय बदललं, का बदललं, हे बाईंनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. आता त्याच वर्कशॉपने खडखडीसाठी पुढचं सगळंच बदलायचं म्हणून सांगितलं, आणि मुलाने फोनवर लगेच निकाल दिला.

"आई, विकून टाक. शोरूमवाले जुन्या गाड्या बदलून देण्याच्या योजनेत घेतात अजून."

"बदलून काय देतात?"

"पैसे देतात. तुला आता गाडी कशाला?"

कशाला, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. आठवड्यातून दोनदा बाई टेकडीपलीकडच्या शाळेत जात. तिथे वाचनात मागे पडलेली मुलं शाळा सुटल्यावर त्यांच्यासाठी थांबत. टेकडीवर बस जात नव्हती आणि रिक्षावाले अर्ध्यातच तोंड फिरवत. गाडी गेली की तो वर्ग गेला. बाई हे बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "चांगला कारागीर मिळाला तर?"

"कुठे मिळणार? बाई माणूस एकटी गेली की हे लोक चाकाचे पैसे घेतात आणि हवा भरून देतात. बरं, असं कर. मी रविवारी येतो. ज्याच्यावर मी विश्वास ठेवीन असा एक माणूस मला दाखव. नाहीतर तिथूनच शोरूमला जाऊ."

"दाखवते," बाई म्हणाल्या. वर्गात हात वर करून उभं राहिल्यासारखंच म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुलाला सांगितली नव्हती. खडखड कधी सुरू झाली, ते त्यांना नेमकं माहीत होतं. दवाखान्याच्या वाहनतळावर वळण घेताना त्यांचा अंदाज चुकला होता. पुढचं चाक कडेच्या दगडी कठड्यावर चढलं आणि धाडकन खाली आदळलं. कोणी पाहिलं नाही, रंगावर ओरखडासुद्धा उठला नाही. त्या घाम पुसून घरी आल्या आणि चूप बसल्या. सांगितलं असतं तर रविवारचीही वाट पाहावी लागली नसती.

दुसरं गॅरेज आरशासारख्या फरशीचं होतं. गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण हसतमुखाने पुढे आला.

"बॅटरी तर गेलीच आहे मॅडम. शिवाय चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेक पॅड, आणि एकदा इंजिनची आतून स्वच्छता करून घेऊ."

"तुम्ही अजून बॉनेट उघडलं नाही."

"अनुभव असतो ना, मॅडम."

"किती वर्षांचे तुम्ही?" बाईंनी मायेने विचारलं आणि उत्तर न घेताच निघाल्या.

तिसऱ्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या कारागिराला चूक सापडली. बाई मनातून खूश झाल्या, पण पळभरच. म्हातारा मांडीवर थाप मारून हसला आणि त्याने आतल्या साऱ्यांना हाक मारली. "अरे, या बघा! यांचं चाक बॅटरीवर फिरतं म्हणे!" आतून हशा उठला. बाईंनी शांतपणे काच वर घेतली. चूक दाखवणं वेगळं आणि चूक नाचवणं वेगळं. त्यांच्या वर्गात दुसऱ्याच्या चुकीवर हसणाऱ्याला पुढचं गणित फळ्यावर सोडवावं लागे, आणि मग त्याचं हसू आपोआप मावळे.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याने त्यांना छापखान्यामागच्या गल्लीतलं एक गॅरेज सांगितलं. "मिस्त्री बोलायला जरा तुसडा आहे, बाई. पण माझी टॅक्सी त्याच्याशिवाय दुसऱ्याचा हात लावून घेत नाही."

गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड होती. आत एकच गाडी मावत होती आणि ती उभी होती. भिंतीवर पाने आकाराने ओळीत लावले होते. एका पान्याची जागा रिकामी होती आणि तो पाना मिस्त्रीच्या हातात होता. बाईंना ती भिंत आवडली. मिस्त्री त्यांच्या मुलाच्याच वयाचा असेल. त्याचं डोकं आणि दोन्ही हात इंजिनात होते.

"डाव्या चाकाकडून खडखड येते," बाईंनी आपलं वाक्य म्हटलं. "बॅटरी उतरली असावी, असं वाटतं मला."

"असेल," मिस्त्री आतूनच म्हणाला. "आज हात मोकळा नाही. नंबर ठेवून जा."

असेल! बाईंनी टेबलावरच्या खडूने तिथल्याच पाटीवर आपला नंबर लिहिला. सवयीने अक्षर सुरेख आलं. पण घरी परतताना त्यांचा चेहरा उतरला होता. भिंत एवढी नीटनेटकी ठेवणारा माणूसही चौकशी न करता 'असेल' म्हणतो, तर रविवारी मुलासमोर कोणाला उभं करायचं? टेकडीपलीकडच्या मुलांना काय सांगायचं, याची वाक्यं त्या मनात जुळवू लागल्या आणि एकही वाक्य जुळेना.

सकाळी चहा गाळत असतानाच फोन वाजला.

"काल चाकाच्या आवाजाचं सांगून गेलात, त्या तुम्हीच ना?" मिस्त्रीचा आवाज होता. "तुम्ही बॅटरी म्हणालात, मी 'असेल' म्हणालो. माझं डोकं दुसऱ्या गाडीत होतं. बॅटरीचा आणि चाकाच्या आवाजाचा काही संबंध नाही. माझं ऐकून कुठे उगाच बॅटरी बदलून बसू नका. तेवढंच सांगायचं होतं."

"एवढ्यासाठी फोन केलात?"

"चुकीचं बोललो होतो. माझ्याकडे नाही आलात तरी चालेल, पण बॅटरी बदलू नका."

बाईंनी गाळणं तसंच हातात धरलं होतं. चहा पुरता गळून गेला होता. छातीत तेच जुनं काहीतरी भरून आलं, मागच्या बाकावरचं सगळ्यात अबोल पोर उभं राहिलं की येई तसं. त्यांनी चहा तसाच ठेवला, साडी बदलली आणि गाडी काढली.

शेड आज रिकामी होती. मिस्त्री स्टुलावर बसून पाने पुसत होता. बाई गाडीतून उतरल्या त्या हसतच.

"तुम्ही पास झालात!" त्या म्हणाल्या.

"काय झालो?"

मग बाईंनी सगळं सांगितलं. फळ्यावरची चूक, तिसरीचा वर्ग, बॅटरीचं खोटं वाक्य, आधीचे तिघे. सांगता सांगता त्या रंगात आल्या. म्हाताऱ्याची नक्कलसुद्धा त्यांनी करून दाखवली. मिस्त्री हसला नाही. हातातला पाना त्याने भिंतीवर त्याच्या जागी नेऊन अडकवला आणि पुन्हा वळला.

"म्हणजे बॅटरीचं खोटं होतं."

"हो, मुद्दामच ते."

"मी काल रात्री जेवताना त्याच विचारात होतो. बायको म्हणाली, ताटात लक्ष द्या. मी म्हटलं, एका बाईंना चुकीचं सांगून बसलोय."

"तेच तर! म्हणून तर मी—"

"गाडी घेऊन जा, बाई."

बाईंना वाटलं, ऐकण्यात काही चुकलं.

"राग येऊ देऊ नका," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "कंपनीत होतो तेव्हा माझ्याकडे मशीन होतं. तार जोडली की मशीन सांगायचं, कुठे दुखतंय. ते सोडून इथे आलो. इथे गिऱ्हाईक सांगतं आणि मी ऐकतो. आवाज कधी येतो, वळताना की सरळ, कुठे आपटली का, कोणी खोललं का. तिथूनच माझं काम सुरू होतं. तेच खोटं असलं तर मी भलत्याच जागी पाना लावणार. आज बॅटरी खोटी. उद्या काय खोटं, ते मी कसं ओळखू?"

"अहो, पण ती परीक्षा होती."

"फळ्यावरचं गणित सगळ्यांना दिसतं. पोरगं बोटांवर मोजून बघू शकतं. तुमच्या गाडीचं गणित तुमच्याच पोटात आहे."

बाई गाडीत जाऊन बसल्या. चावी फिरवली नाही. पुढच्या काचेतून त्यांना पान्यांची भिंत दिसत होती आणि तिच्याकडे पाठ करून स्टूल उचलणारा मिस्त्री. उद्या रविवार. ज्याच्यावर मुलगा विश्वास ठेवील असा माणूस सापडला होता, आणि त्याचा आपल्यावरच विश्वास उरला नव्हता.

इतकी वर्षं फळ्यावर चुका लिहिल्या, पण उत्तर नेहमी फळ्यावरच असे. मुलांपासून बाईंनी कधी काही दडवलं नव्हतं. इथे मात्र खरी बेरीज त्यांच्याशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हती, आणि ती तशीच ठेवायची म्हणूनच त्या दारोदार फिरल्या होत्या, हेही त्यांना आता कळलं. खडखड थांबवणारा माणूस त्यांना हवा होता, पण ती का लागली हे त्याला कळायला नको होतं.

त्या उतरल्या. शाळा तपासायला कोणी आलं की उभ्या राहत, तशा सरळ उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, मी चाक कठड्यावर चढवलं होतं. दवाखान्याच्या वाहनतळावर. वळण आत घेतलं गेलं. चाक वर चढलं आणि खाली आदळलं. तेव्हापासून आवाज येतो. खड्ड्यात येतो, डावीकडे वळताना जास्त येतो. मुलाला सांगितलेलं नाही. कोणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगितलं."

मिस्त्रीने स्टूल खाली ठेवलं.

"जोरात आदळलं?"

"माझे दात वाजले."

"स्टेअरिंग एका बाजूला ओढतं?"

"थोडं. मी धरून ठेवते."

तो आला, चाकाशी उकिडवा बसला आणि टायरच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवली. मग उठून हात पुसत पलीकडच्या दाराने आत बसला.

"चला. तुम्हीच चालवा."

"मी?"

"आवाज तुमच्या हातून लागला, तुमच्याच हातून वाजेल तसा वाजू दे. बाजाराच्या रस्त्याने घ्या. तिथे खड्डे आहेत आणि वळणंही."

शनिवारची सकाळ होती. बाजाराच्या रस्त्यावर हातगाड्या, सायकली, मध्येच थांबून गप्पा मारणारी माणसं. बाईंनी गिअर टाकला. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी बाजूला पाहिलं. मिस्त्रीने डोकं मागे टेकलं होतं, हात मांडीवर ठेवले होते आणि डोळे मिटून घेतले होते.

"झोपलात की काय?"

"डोळे उघडे असले की रस्ता दिसतो. मग आवाज नीट ऐकू येत नाही. चालवा तुम्ही."

बाई चालवत राहिल्या. एक टेम्पो अचानक आडवा आला, त्यांनी ब्रेक दाबला. त्याने डोळे उघडले नाहीत. केळीवाल्याच्या गाडीला वळसा घातला, एका सायकलवाल्या मुलीला आधी जाऊ दिलं. त्याने डोळे उघडले नाहीत. "आता डावीकडे," तो मध्येच म्हणे. "पुन्हा. जरा सावकाश." चाक खडखडलं की त्याची तर्जनी गुडघ्यावर हलकेच ठोका देई. परत शेडमध्ये येऊन इंजिन बंद झालं, तेव्हाच त्याने डोळे उघडले.

"लोअर आर्म वाकलाय. चाकाला धरून ठेवणारा खालचा हात म्हणा ना. त्याचं रबराचं बुशही फाटलंय. कंपनी म्हणते तसं सगळं बदलायची गरज नाही. तो एक आर्म नवा, आणि चाकं सरळ करून घ्यायची." त्याने दार उघडलं. "कठड्याचं सांगितलं नसतं, तर मी आधी शेजारची छोटी दांडी, लिंक रॉड, बदलली असती. आवाज दबला असता थोडे दिवस. आर्म वाकडाच राहिला असता, आणि तुम्ही टेकडी उतरत असता. टेकडीवर जाता ना? टॅक्सीवाला सांगत होता."

"जाते. मंगळवारी आणि शुक्रवारी."

"मग आजच करू. सुटा भाग घेऊन येतो."

रविवारी मुलगा आला तो शोरूमचे कागद काखेत घेऊनच. शेड बघून त्याने नाक मुरडलं नाही, पण भिंत, जमीन, छप्पर सगळीकडे एकदा नजर फिरवून घेतली. मिस्त्रीने जमिनीवर पोतं अंथरून जुना आर्म ठेवला होता. बाजूला एक सरळ पट्टी ठेवली होती, म्हणजे वाक कोणालाही दिसावा.

"हा एवढा वाकला कसा?" मुलाने वाकून विचारलं. "आपोआप वाकतो का?"

मिस्त्री पाने पुसू लागला. "ते गाडीच्या मालकांना विचारा."

"मी वाकवला," बाई म्हणाल्या.

कठडा, वळण, दात, सगळं त्यांनी सांगितलं. काही गाळलं नाही आणि मान खाली घातली नाही. उलट ऐकणाऱ्याला वाटावं, की बक्षीस मिळालेल्या मुलाबद्दलच बोलतायत.

"आई! आणि मला एका शब्दाने नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर गाडी विकली असतीस."

"अगं, मग आता नाही का विकणार?"

"वीक की. पण आता तुला सगळं ठाऊक आहे. ठाऊक असून वीक."

मुलाचे कागद एका काखेतून दुसऱ्या काखेत गेले. मग तो मिस्त्रीला घेऊन शेडच्या टोकापर्यंत गेला. आवाज त्याने खाली आणला, पण पत्र्याच्या शेडमध्ये खालचा आवाजही फिरून येतो.

"माणूस तुम्ही सरळ दिसता. गाडीचं काम चांगलं केलंत, ते मला पटलं. पण खरं सांगा. या वयात आईने गाडी चालवावी का?"

"मी गाडीचं बघतो, साहेब. माणसांचं मला कळत नाही."

"तरी पण. तुम्ही बसला होतात ना तिच्या शेजारी?"

"बसलो होतो. काल सकाळी, बाजाराच्या रस्त्याने."

"मग? कशी चालवते?"

मिस्त्रीने फडक्याची घडी घातली.

"नाही सांगता येणार," तो म्हणाला. "मी सगळा वेळ डोळे मिटून बसलो होतो."

मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने वळून आईकडे पाहिलं. बाई कधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. बाहेरचा आरसा खिडकीतून हात काढून त्या नीट लावत होत्या आणि त्यांना काही ऐकू आलेलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तो चालत आला. चालकाच्या दारापाशी थोडा थांबला, चावीसाठी हात पुढे केल्यासारखं केलं, आणि तो हात छपरावर ठेवून गाडीला वळसा घालून पलीकडे गेला. शोरूमचे कागद त्याने मागच्या सीटवर टाकले, आत बसला, पट्टा लावला.

"शोरूमला?" बाईंनी विचारलं.

"घरी चल. भूक लागलीय."

बाईंनी गाडी मागे घेतली. चाक गप्प होतं. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, मग हळूच शेजारी पाहिलं. मुलाने सीटची पाठ जरा मागे कलती केली होती, डोकंही टेकलं होतं. डोळे मात्र टक्क उघडे होते.

बाईंना त्याचं काही वाटलं नाही. सगळी मुलं एकाच दिवशी शिकत नाहीत. त्यांनी इंडिकेटर दिला आणि बाजाराचा रस्ता धरला.